नव्याने जुनी पुस्तके जमवणाऱ्या पुतण्यास

तू पहिलेच पुस्तक सतराव्या शतकातले शोधतो आहेस, म्हणून लिहितो. गोव्यात छपाई १५५६ मध्ये सुरू झाली हे खरे, पण त्या काळातले फारच थोडे उरले आहे. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट पाद्रीचे मराठी काव्य 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापले गेले. त्या आवृत्तीची एकही प्रत आज ठाऊक नाही. कोणी 'मूळ प्रत' म्हणून दाखवली तर पैसे बाहेर काढू नकोस. तसेच १७५४ ते १८२१ गोव्यात छापखाना बंद होता. मुखपृष्ठावर त्या दरम्यानचे साल आणि 'गोवा' दिसले तर संशय घे.

सुरुवात घरातूनच कर. माळ्यावरच्या ट्रंकेत जत्रेतल्या नाटकांची हस्तपत्रके, लग्नपत्रिका, जुनी पंचांगे असतात. मला सर्वांत मोलाची वाटतात ती गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही यावरच्या १९६७ च्या जनमत कौलाची पत्रके, फूल (विलीनीकरणाची निशाणी) आणि झाडाची दोन पाने (विरोधाची), दोन्ही बाजूंची. लोक ती वाचून टाकून देत, म्हणूनच आज जपायची. कुठून मिळाले, कोणाच्या घरचे, हे पेन्सिलीने वेगळ्या कागदावर लिही.

विकत घेताना पाने मोज. ग्रंथालयाचा शिक्का असेल तर आधी चौकशी कर.

आणि आपला पावसाळा! प्लॅस्टिकच्या पिशवीत काही बांधू नकोस, ओल आत कोंडते. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावायचा नाही. माझी एक सुंदर पत्रिका त्यानेच पिवळी पडली. भिंतीला टेकून कपाट ठेवू नकोस, वाळवी तिथूनच येते.

पणजीतल्या पाटोच्या मध्यवर्ती ग्रंथालयात एकदा माझ्याबरोबर चल.