दुसरीची मुलं अडखळत वाचतात, घड्याळ लावू का?

प्रश्न: ताई, मी ऐरोलीत दुसरीच्या वर्गाला शिकवते. मुलांना काना-मात्रा येतात, पण एकेक शब्द सुटा वाचतात आणि वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरतात. घड्याळ लावून शब्द मोजायला लागले, तर दोन-तीन मुलं वाचायलाच घाबरू लागली. रोज वीस मिनिटं मिळतात. काय करू?
– एक शिक्षिका

उत्तर: बाई, घड्याळ सध्या कपाटात ठेवा. ‘निपुण भारत’ या पायाभूत वाचन-गणिताच्या सरकारी मोहिमेत दुसरीसाठी मिनिटाला ४५ ते ६० शब्दांचं लक्ष्य आहे खरं, पण ते अर्थ समजून वाचण्याचं आहे. मुलाचं सगळं लक्ष अक्षरं ओळखण्यातच गेलं की अर्थाकडे द्यायला काही उरत नाही. म्हणून रोज नवा धडा नको. सहा-सात ओळींचा एकच उतारा आठवडाभर घ्या. आधी तुम्ही वाचा, मुलं ओळीवर बोट फिरवतील. मग तुमच्या मागोमाग, मग सगळ्यांनी एका सुरात, मग जोडीनं. बोट ठेवून वाचणाऱ्याचं बोट काढू नका. उताऱ्यातली जोडाक्षरं आदल्या दिवशीच फळ्यावर लिहून वाचून घ्या.

सर्वांत जास्त फरक पडतो तो शब्दांचे गट पाडल्यानं. पेन्सिलीनं तिरप्या रेघा मारायच्या: ‘राजू / आईला न विचारता / तलावाकडे गेला.’ मग मुद्दाम ‘राजू आईला न / विचारता तलावाकडे / गेला’ असं वाचून दाखवा. मुलं हसतात, आणि कुठं थांबायचं ते त्यांचं त्यांनाच कळतं. पुढच्या वाक्यात रेघा त्यांनाच मारू द्या.

तुमच्या मुलांना रेल्वे तर अंगवळणी पडलेली असणार. ठाण्याहून वाशीकडे दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा असा क्रम मांडा आणि उद्घोषणेच्या चिठ्ठ्या करा: ‘पुढील स्टेशन घणसोली. उतरणाऱ्यांनी दाराजवळ यावे.’ बाकीची मुलं प्रवासी. चिठ्ठी नीट ऐकू आली नाही तर प्रवासी उतरणार कसा? त्यामुळे वाचणारा आपणहून मोठ्यानं वाचतो, योग्य जागी थांबतो, चुकलं तर स्वतःच पुन्हा वाचतो. माझ्या वर्गात एक मुलगा सगळं एका पट्टीत वाचायचा. उद्घोषक झाला आणि पूर्णविरामाला थांबायला लागला. नंतर प्रवाशांचे संवादही घाला: ‘काका, ही गाडी पनवेलला जाते का?’ प्रश्नाचा सूर शिकवायला याहून सोपी वाट मला तरी माहीत नाही.

जोड्या लावताना सर्वांत हुशार आणि सर्वांत मागे असलेलं मूल एकत्र बसवू नका. एक सगळं सांगून टाकतो, दुसरा गप्प बसतो. थोडासाच फरक असू द्या. जोडीदार अडला तर मनात तीन आकडे मोजायचे, मगच शब्द सांगायचा, हा नियम पाळून घ्या. ‘घरी’च्या जागी ‘घरात’ वाचलं आणि अर्थ टिकला, तर वाक्य पुरं होईपर्यंत तुम्हीही टोकू नका.

महिन्यातून एकदा मोजा हवं तर, पण ओळखीच्या उताऱ्यावर, एकट्याला जवळ बसवून. मग लगेच विचारा, राजू कुठं गेला? मराठीत ‘तलावाजवळच्या’ एवढा लांब शब्दही मोजणीत एकच धरला जातो, हे आकडा पाहताना लक्षात असू द्या.

घाबरलेल्या मुलांना मात्र इतक्यात वर्गासमोर उभं करू नका. सुरात वाचताना त्यांच्या शेजारी जाऊन बसा. चिठ्ठी वाचायला द्याल तेव्हा दोघांत एक द्या, आणि आदल्या दिवशी घरी न्यायला सांगा.