पुलात 'काय टाकू?' : वाचकांचे प्रश्न

'वावरात पूल बांधला' असं सांगितलं की पूर्वी लोक विचारायचे, कोणत्या नाल्यावर? आता नाही विचारत. ताडोब्याच्या गेटजवळचे होम-स्टे, संत्र्याच्या बगिच्यातली कृषी पर्यटन केंद्रं, लग्नाची लॉन, सगळीकडे निळ्या टाइल्सचा चौकोन, म्हणजे पोहायचा पूल दिसतो. ठेकेदार बांधून देतो, मोटार कुठून चालू करायची तेवढं दाखवतो आणि निघून जातो. पुढे पाणी सांभाळायचं घरच्या पोरानं, नाहीतर कालपर्यंत ओलित पाहणाऱ्या सालदारानं.

या वेळी आलेल्या बहुतेक प्रश्नांसोबत पाण्याचा फोटो आहे आणि खाली एकच ओळ : 'काय टाकू?' फोटोवरून मला रंग कळतो, त्यापुढे काही नाही. म्हणून सुरुवात अशा प्रश्नापासून करतो, ज्यात आकडे आहेत.

प्रश्न : आमचा पूल 30 बाय 15 फूट. एका टोकाला 3 फूट खोल, दुसऱ्या टोकाला 5 फूट. दुकानदार म्हणाला, रोज दोन वाट्या ब्लीचिंग पावडर टाका. मावसभावाचा पूल आमच्या दुप्पट आहे, त्यालाही दोन वाट्याच सांगितल्या. खरं किती टाकायचं? (हिंगणघाट तालुका)

भाऊ, फवारणीला जाताना तुम्ही 15 लिटरच्या पंपाला किती मिली ते विचारता ना? इथंही तेच. आधी पंप किती लिटरचा ते ठरवू.

सरासरी खोली 4 फूट. 30 गुणिले 15 गुणिले 4 म्हणजे 1,800 घनफूट. एका घनफुटात साधारण 28.3 लिटर पाणी मावतं, म्हणजे तुमच्या पुलात जवळपास 51,000 लिटर. हा आकडा मोटारीच्या खोलीत भिंतीवर ऑइलपेंटनं लिहून ठेवा. तो आयुष्यभर लागणार.

आता 1,000 लिटरमध्ये 1 ग्रॅम शुद्ध क्लोरीन टाकलं की 1 पीपीएम होतं. तुम्हाला 1 पीपीएमसाठी 51 ग्रॅम लागेल. पण ब्लीचिंग पावडर म्हणजे शुद्ध क्लोरीन नव्हे. ताज्या पावडरीत ते 30 टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणून 170 ग्रॅम पावडर घ्यायची. गोदामात उन्हाळा काढलेल्या पोत्यात 30 टक्केही उरत नाही. द्रवरूप हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) 10 टक्क्यांचं असेल तर साधारण अर्धा लिटर. टीसीसीए (क्लोरीनच्या गोळ्या ज्याच्या असतात ते औषध) पावडर 90 टक्क्यांची, ती 57 ग्रॅम.

पाण्यात 1 ते 3 पीपीएम क्लोरीन आणि पीएच (पाणी किती आम्ल, किती अल्कली ते सांगणारा आकडा) 7.2 ते 7.8, एवढं राखायचं. ते कळायला टेस्ट किट लागतो. स्वस्तातल्या किटमध्ये पिवळा रंग येणारं औषध असतं, ते एकूण क्लोरीन दाखवतं. डीपीडीच्या गोळ्यांचा गुलाबी रंग येणारा किट मिळाला तर तोच घ्या, कामाचं म्हणजे मोकळं क्लोरीन तो वेगळं दाखवतो. पहिले पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ मोजून वहीत लिहा. दहाव्या दिवशी तुम्हीच सांगाल, आपला पूल रोज किती क्लोरीन खातो ते. ती वाटी मात्र स्वयंपाकघरात परत नेऊ नका.

प्रश्न : तीन दिवस लग्नाच्या गडबडीत लक्ष नव्हतं, पूल हिरवागार झाला. घरात बोर्डोसाठी आणलेलं मोरचूद आहे. तेच टाकलं तर? (वरुड तालुका)

हा प्रश्न वरुड-मोर्शीकडून दरवर्षी येतो आणि मला विचारणाऱ्याचा राग येत नाही. ज्यानं संत्र्याच्या डिंक्या रोगावर बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) लावून झाडं वाचवली, त्याला हिरव्या पाण्यावर मोरचूदच आठवणार. शेवाळ त्यानं मरतंही. पण मोरचुदातलं तांबं पाण्यातून उडून जात नाही. ते टाइल्सवर निळसर-काळे डाग धरतं आणि पाहुण्या आजोबांच्या पांढऱ्या केसांना हिरवी झाक देतं. शिवाय माणसाला आजारी पाडणाऱ्या जंतूंवर क्लोरीनइतकं पटकन काम करत नाही. मोरचूद बगिच्यासाठीच राहू द्या.

तुमच्याकडे लागेल ती चिकाटी. पूल वरच्याएवढा, 51,000 लिटरचा धरून सांगतो.

आधी पाला-पाचोळा जाळीनं काढा. पीएच मोजा. 7.8 च्या वर असेल तर आधी तो ॲसिडनं 7.2 ते 7.4 पर्यंत उतरवा. कारण असं की पीएच 7.5 ला साधारण निम्मं क्लोरीन जोरदार रूपात असतं, 8 वर जेमतेम पाव उरतं. तेवढेच पैसे, निम्मं काम. ॲसिड एका वेळी अर्ध्या लिटरच्या वर नको. मोटार चालू ठेवून, खोल बाजूला, काठानं पातळ धार धरा आणि चार तासांनी पुन्हा मोजा.

मग सूर्य मावळल्यावर क्लोरीन 10 पीपीएमवर न्या. म्हणजे हायपो 5 लिटर किंवा ब्लीचिंग पावडर 1 किलो 700 ग्रॅम. पावडर प्लॅस्टिकच्या बादलीत पाण्यात कालवा, चुना खाली बसू द्या, वरची निवळ तेवढी पुलात ओता. दुपारी टाकलेलं क्लोरीन मे महिन्याच्या उन्हात तासाभरात निम्म्याच्या वर उडतं, म्हणून संध्याकाळ.

त्यानंतर ब्रश. भिंती, कोपरे, पायऱ्यांच्या मागची बाजू, शिडीच्या दांड्याखाली. शेवाळाच्या अंगावर चिकट थर असतो, तो फुटल्याशिवाय औषध आत जात नाही. नव्या माणसाचा पूल साफ होत नाही तो बहुतेक वेळा इथंच, औषध भरपूर आणि ब्रश कोरडा. फिल्टर रात्रंदिवस चालू. प्रेशरचा काटा स्वच्छ असतानाच्या आकड्यापेक्षा 8 ते 10 पीएसआयनं चढला की बॅकवॉश (पाणी उलटं सोडून फिल्टरची वाळू धुणं), मग अर्धा मिनिट रिन्स. व्हॉल्व्हचा दांडा फिरवताना मोटार बंद. चालू मोटारीवर फिरवला की आतलं गॅस्केट गेलंच म्हणून समजा.

दुसऱ्या दिवशी पाणी राखाडी-पांढरं दिसेल. घाबरून नवं काही टाकू नका, ते मेलेलं शेवाळ आहे. संध्याकाळी परत मोजा, परत 10 वर न्या, परत ब्रश. संपलं कधी म्हणायचं? रात्री अंधार पडल्यावर मोजा आणि सकाळी उजाडायच्या आत मोजा. ऊन नसताना क्लोरीन 1 पीपीएमपेक्षा कमी घटलं, तर खाणारं आत कोणी उरलं नाही. चार-पाच दिवस धरून चाला. तोवर कोणी उतरायचं नाही. तळाची जाळी वरून स्पष्ट दिसते आणि क्लोरीन 3 च्या आत आलं, मग पोरांना सोडा.

प्रश्न : मी मोहर्लीजवळ होम-स्टे चालवते. फेब्रुवारीपासून फक्त क्लोरीनच्या गोळ्या वापरते. क्लोरीन बरोबर 3 दाखवतं, तरी मे उजाडला की पाणी हिरवं पडतं. गोळ्या नकली आहेत का? (चंद्रपूर जिल्हा)

ताई, गोळ्या चांगल्या आहेत, आणि अडचण त्यातूनच आलीय. टीसीसीएच्या गोळीत क्लोरीनसोबत सायन्युरिक ॲसिड येतं. ते क्लोरीनला उन्हापासून झाकतं. विदर्भाच्या उन्हात ते 30 ते 50 पीपीएम हवंच. पण क्लोरीन खर्ची पडतं, हे मागे राहतं. गोळ्यांतून 10 पीपीएम क्लोरीन गेलं की 6 पीपीएम सायन्युरिक जमा. रोज 2 पीपीएम धरा, शंभर दिवसांत 200. म्हणजे सायन्युरिक 120 वर. एवढ्या दाट गोधडीत क्लोरीन असतं, पण हात बाहेर काढू शकत नाही. किटला ते दिसतं, शेवाळाला लागत नाही.

यावर पाण्यात टाकायचं औषध मी सांगणार नाही. निम्मं पाणी काढा, निम्मं ताजं भरा, 60 वर येईल. तुमच्याकडे मे महिन्यात पाण्याची ओढ असते हे माहीत आहे, म्हणून पुढच्या हंगामात असं करा : पहिला महिना-दीड महिना गोळ्या, मग द्रवरूप हायपो. काढलेलं पाणी झाडांना द्यायचं असेल तर आधी क्लोरीन बंद करा आणि किट शून्य दाखवेपर्यंत थांबा.

प्रश्न : बोअरचं पाणी काचेसारखं होतं. क्लोरीन टाकलं आणि तासाभरात चहा झाला! (तुमसर तालुका)

पाण्यात विरघळलेलं लोह असेल, तुमच्या भागात मँगनीजही. मँगनीजच्या खाणींचाच मुलूख आहे तो. विरघळलेलं असतं तोवर दिसत नाही, क्लोरीन लागलं की गंजून रंग धरतं. पाणी वाया गेलेलं नाही. तुरटीचं पाणी पसरून टाका, मोटार रात्रभर बंद ठेवा, सकाळी व्हॉल्व्हचा दांडा 'वेस्ट'वर ठेवून तळाचा गाळ व्हॅक्यूमनं थेट बाहेर काढा. 'फिल्टर'वर ठेवाल तर तोच गाळ वाळूत जाऊन बसेल. पुढच्या वेळी पूल भरायच्या आधी एका पांढऱ्या बादलीत बोअरचं पाणी घ्या, हायपोचे काही थेंब टाका, रात्रभर ठेवा. बादली लाल झाली तर पूलही होईल.

दर्यापूरहून एकानं खारपाणपट्ट्यातल्या बोअरबद्दल विचारलंय. पूर्णेच्या खोऱ्यातलं ते खारं पाणी पोहायला चालतं, पण लोखंडी शिडी आणि मोटारीचे नटबोल्ट खातं, आणि बॅकवॉशचं पाणी बगिच्यात सोडता येत नाही. नळाचं किंवा पावसाचं पाणी मिसळता आलं तर मिसळा.

प्रश्न : पाहुणे म्हणतात क्लोरीनचा फार वास येतो, डोळे चुरचुरतात. कमी करू का? (रामटेक)

कमी नका करू. बहुतेक वेळा हा वास कमी पडलेल्या क्लोरीनचा असतो. घाम आणि लघवीशी जखडलेलं क्लोरीन वास मारतं आणि डोळ्यांना झोंबतं. मोजा. एकूण आणि मोकळं यात फरक दिसला तर त्या फरकाच्या दहापट क्लोरीन एकदम संध्याकाळी द्या. आणि पुलाच्या वाटेवर एक फवारा बसवा, अंग धुतल्याशिवाय आत नाही. एकानं तर युरिया कालवलेलीच बादली पुलावर वापरली होती. क्लोरीन दोन दिवस टिकलं नाही.

प्रश्न : रोज पाणी घटतं. पूल गळतोय की ऊन पितंय? (अकोला जिल्हा)

नवतप्यात दिवसाला सेंटीमीटरभर पाणी उन्हानं जाणं नवलाचं नाही. पायरीवर बादली ठेवा, आतलं पाणी पुलाच्या पातळीइतकं भरा, आत-बाहेर खूण करा. मोटार बंद, एक दिवस थांबा. दोन्ही सारखं घटलं तर ऊन. पूल जास्त घटला तर गळती.

प्रश्न : ॲसिड, पावडर, गोळ्या सगळं एकाच पेटीत ठेवलं तर चालेल का? जागा नाही. (यवतमाळ जिल्हा)

नाही. जागा करा. मी कामाला लागलो त्या पहिल्या वर्षी एका हॉटेलच्या पुलावर ॲसिड ओतायला बादली घेतली. तिच्या तळाशी आदल्या दिवशीची ब्लीचिंग पावडर चिकटली होती. पिवळट धूर आला, मी बादली तिथंच टाकून पळालो, आणि आठवडाभर खोकत होतो. उघड्यावर होतो म्हणून वाचलो. ब्लीचिंग पावडर आणि टीसीसीए तर एकमेकांत कोरडे मिसळले तरी पेट घेऊ शकतात, दोन्ही 'क्लोरीनच' असले तरी. प्रत्येकाचं माप वेगळं, बादली वेगळी. पाण्यात औषध टाकायचं, औषधावर पाणी कधीच नाही. मोटारीच्या लाइनला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) आणि अर्थिंग आहे का, तेही याच आठवड्यात वायरमनला दाखवा.

प्रश्न : शेततळ्यातच क्लोरीन टाकून पोरांना पोहू दिलं तर पूल बांधायचा खर्च वाचेल. (बुलडाणा जिल्हा)

या एका गोष्टीत मी सबुरीनं बोलत नाही. शेततळ्याचा प्लॅस्टिकचा कागद ओला झाला की त्याच्या उतारावरून पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. पोहायला नाही म्हणजे नाही. कुंपण घाला आणि चारही बाजूंना गाठी मारलेला दोर, हवा भरलेली ट्यूब सोडून ठेवा.

प्रश्न : पावसाळ्यात कोणी येत नाही. पूल रिकामा करून ठेवू? (वणी तालुका)

काळ्या मातीत तर मुळीच नको. ती माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगून भिंतींना दाबते, आणि जमिनीखालचं पाणी तळाला वर रेटतं. आतलं पाणी हाच उलटा जोर असतो. रिकाम्या पुलाच्या टाइल्स पोळ्यापर्यंत फुगलेल्या मी पाहिल्यात. भरलेलाच ठेवा, जादा पाणी 'वेस्ट'वरून काढा, दोन दिवसांआड दोन-तीन तास मोटार चालवा, क्लोरीन 1 च्या खाली जाऊ देऊ नका. आणि स्किमरची (पाण्यावरचा कचरा ओढणाऱ्या खिडकीची) टोपली रोज सकाळी उघडा. मिरगाच्या पहिल्या पावसानंतर तिच्यात बेडूक असतोच.