वॅगन बसली, बोजा उतरला नाही

प्रश्न (थोडक्यात): मी सांगली जिल्ह्यातला द्राक्षबागायतदार. आईचे गुडघे दुखतात, उंच एसयूव्हीत तिला चढवत नाही. म्हणून बुटकी पण मोठ्या डिकीची, २०१८ची डिझेल लक्झरी वॅगन दिल्लीच्या एका डीलरकडून २७ लाख ५० हजारांना घेतली. अडीच लाख रोख (त्याची आता भीती वाटते), बाकी आरटीजीएस. ‘६१,००० किमी जेन्युइन, सिंगल ओनर, नो लोन’ असं त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं होतं. करारात मात्र ‘गाडी जशी आहे तशी’ आणि ‘वाद दिल्लीच्या न्यायालयातच’. तीन आठवड्यांनी एका सकाळी पाहतो तर गाडीचा मागचा भाग खाली बसलेला. एअर सस्पेन्शनचा (हवेवर चालणाऱ्या स्प्रिंगांचा) खर्च पावणेतीन लाख सांगतात. अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या नोंदीत दोन वर्षांपूर्वीच १,१४,३२० किमी. आरसी अजून आधीच्या मालकाच्या नावावर, आरटीओची एनओसी (गाडी दुसऱ्या राज्यात न्यायचा ना-हरकत दाखला) ‘येतेय’. पैसे परत मिळतील का?

उत्तर: तुमच्या पत्रात सस्पेन्शनवर दीड पान आहे आणि आरसीवर एक ओळ. मी उलट्या टोकाने सुरू करतो.

तुम्ही पाठवलेल्या आरसीच्या फोटोत खालच्या बाजूला एका वित्तसंस्थेचं नाव छापलेलं आहे. ते तुमच्या नजरेतून सुटलेलं दिसतं. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्कां’त बँकेचा बोजा असता तर ती जमीन तुम्ही घेतली असतीत का? हा तोच बोजा, फक्त चार चाकांवरचा. कर्ज फिटलं असेल आणि नुसती नोंद उरली असेल, तर वित्तसंस्थेचा स्वतःचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५ (बोजाची नोंद काढायचा अर्ज) एवढ्यावर काम भागतं. फिटलं नसेल, तर हप्ते थकल्यावर वसुलीची माणसं मूळ कर्जदाराकडे नाही, जिथे गाडी उभी आहे तिथे, म्हणजे तुमच्या दारात येतील. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५१ प्रमाणे वित्तसंस्थेच्या लेखी संमतीशिवाय आरसीवर नाव बदलत नाही. एनओसी ‘येत’ का नाही, याचं उत्तर बहुधा इथेच आहे.

कायदा इथे तुमच्या बाजूने आहे. वस्तुविक्री कायदा, १९३०च्या कलम १४ नुसार, न सांगितलेला बोजा मालावर नाही अशी हमी विक्रेत्याने दिलेलीच मानली जाते. इथे तर त्याने ‘नो लोन’ हे स्वतःच्या हाताने टाइप करून दिलंय.

डीलरला दोन कागद मागा. १ एप्रिल २०२३पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं प्राधिकारपत्र लागतं, ते फॉर्म २९बी. आणि मालकाने गाडी डीलरच्या ताब्यात दिल्याची सूचना पोर्टलवर नोंदवायची असते, ती फॉर्म २९सी. ही सूचना नोंदलेली असेल, तर कायद्याच्या नजरेत डीलरच मानीव मालक ठरतो आणि एनओसीसाठी धावणं त्याचं काम. नसेल, तर कागदोपत्री त्याचा या गाडीशी संबंधच नाही. मग मालकी बदलाच्या अर्जांवर, म्हणजे फॉर्म २९ आणि ३०वर, आरसीवरच्या मालकाची सही लागेल. तो कुठे आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे का? (महाराष्ट्रातला कर वेगळा भरावा लागेल, हेही किमतीत धरलेलं नसावं.)

आता गाडी चालवणं बंद करा, आजपासूनच. एक कारण विम्याचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १५७ प्रमाणे विमा आपोआप तुमच्याकडे येतो तो फक्त त्रयस्थाच्या नुकसानीपुरता. पॉलिसी तुमच्या नावावर झाल्याशिवाय स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा टिकत नाही. दुसरं कारण अधिक महत्त्वाचं. फसवणूक कळल्यावरही तुम्ही गाडी आरामात वापरत राहिलात, तर करार रद्द करायचा तुमचा हक्कच पातळ होतो. ‘कळूनही महाबळेश्वरला जाऊन आले’ असं समोरचा वकील म्हणेल, आणि टोलची नोंद फास्टॅगवर असतेच.

तुमचा खरा दावा किलोमीटरचा आहे. ‘जशी आहे तशी’ हे कलम खोटं बोलण्याचा परवाना नाही. करार कायद्याच्या कलम १७ प्रमाणे खरं नसलेलं जाणूनबुजून खरं म्हणून सांगणं म्हणजे कपट, आणि कलम १९ प्रमाणे असा करार तुम्ही रद्द करू शकता. ‘तुम्ही आधी सर्व्हिस रेकॉर्ड का नाही काढलं?’ असं विचारलं जाईल. पण थोडी चौकशी केली तर खरं कळलं असतं, हा बचाव विक्रेता नुसता गप्प राहिला असेल तेव्हा चालतो. त्याने जाणूनबुजून खोटा आकडा दिला असेल तेव्हा नाही. तो व्हॉट्सअ‍ॅप संदेश तुमच्या केसचा कणा आहे. चॅट एक्सपोर्ट करा, पण मूळ फोनही बदलू नका. सर्व्हिस सेंटरकडून चासी नंबरसह नोंदीची सही-शिक्क्याची प्रत घ्या, आणि गाडी पूर्ण स्कॅन करून घ्या. गाडीतल्या वेगवेगळ्या कंट्रोल युनिटमध्ये (छोट्या संगणकांत) किलोमीटर वेगवेगळे साठलेले असू शकतात. मीटर मागे फिरवणाऱ्याला बाकीच्या जागा आठवतातच असं नाही.

सस्पेन्शनबद्दल मात्र कडू सांगतो. जुन्या गाडीची हवेची रबरी स्प्रिंग झिजणं हे वयाचं दुखणं आहे. करारात ‘जशी आहे तशी’ लिहिलेलं असताना एवढ्या एका मुद्द्यावर मी केस घेतली नसती. पण १,१४,००० किमी धावलेली गाडी ६१,००० म्हणून विकली, तर तोच खर्च त्या खोटेपणाचा परिणाम म्हणून मागता येतो. म्हणून दुरुस्ती आत्ता करू नका. आधी परवानाधारक सर्वेक्षकाकडून तपासणी आणि मूल्यांकन करून घ्या. सुटे भाग बदलले की पुरावा भंगारात गेला.

मूल्यांकनावर जोर देण्याचं आणखी एक कारण आहे. आपल्याकडे वॅगन विकल्याच किती गेल्या? व्होल्वोची व्ही९० क्रॉस कंट्री २०१७मध्ये आली, मर्सिडीजची ई-क्लास ऑल-टेरेन २०१८मध्ये. अशा गाड्यांचा ‘मार्केट रेट’ कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही, आणि भरपाई तर सांगितलेली गाडी आणि मिळालेली गाडी यांच्या किमतीतल्या फरकावर ठरते.

कुठे जायचं? सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९च्या कलम ३४ने तक्रारदार राहतो तिथे तक्रार करता येते; ‘दिल्लीच्या न्यायालयातच’ या ओळीने तो हक्क जात नाही. मोबदला, म्हणजे तुम्ही दिलेली किंमत, ५० लाखांपर्यंत असल्याने जिल्हा आयोग, आणि मुदत दोन वर्षं. गाडी स्वतःच्या नावाने आणि घरच्या वापरासाठी घेतलीत हे बरं केलंत. फर्मच्या नावाने असती तर ‘व्यावसायिक हेतू’चा वाद आधी लढावा लागला असता. आणि हीच गाडी थेट मालकाकडून घेतली असती, तर ग्राहक आयोग नव्हे, दिवाणी दावा. पोलिसांत फसवणुकीची तक्रार करता येते, पण ‘हा दिवाणी मामला आहे’ हे ऐकायला तयार राहा.

रोख अडीच लाखांची भीती वाटते म्हणता. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारल्याचा दंड घेणाऱ्यावर असतो, देणाऱ्यावर नाही. बँकेतून काढल्याची नोंद असेल तर रक्कम तक्रारीत लिहा. लपवलीत तर आयोगापुढे खोटे ठराल तुम्ही.

घ्यायच्या आधी विचारलं असतंत तर म्हटलं असतं, संध्याकाळी गाडी सपाट जागी उभी करायला लावा, चारही चाकांवरच्या कमानीपासून जमिनीपर्यंत टेपने मोजा आणि सकाळी पुन्हा मोजा. डिकीतला गालिचा उचलून स्टेपनीच्या खड्ड्यात पाण्याची रेघ आहे का बघा. मोठ्या सनरूफच्या नळ्या तुंबल्या की पाणी तिथे उतरू शकतं. मोजमापाला एक रात्र जाते, पण रस्त्यावरच्या कोणत्याही मेकॅनिकला हे जमतं.

या आठवड्यात वित्तसंस्थेला गाडीचा नंबर देऊन कर्जाच्या स्थितीबद्दल लेखी विचारा, आणि डीलरला नोंदणीसह स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा: १५ दिवसांत बोजा उतरवून एनओसी द्या, नाहीतर गाडी परत घेऊन पूर्ण रक्कम परत करा. तोपर्यंत त्याचा फोन आला, तर ‘लिहून पाठवा’ एवढंच म्हणा.