नागपूर ते न्यूयॉर्क हवाई अंतर किती आहे आणि प्रवासाला किती वेळ लागतो?

सोनेगाव विमानतळापासून न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळापर्यंतचे सरळ हवाई अंतर सुमारे १२,६०० किलोमीटर आहे. थेट विमान नसल्यामुळे एका थांब्यासह एकूण प्रवास बहुधा २१ ते २६ तासांचा होतो. आपले सत्तरीतले आई-वडील पहिल्यांदाच लेकीकडे निघाले आहेत, असे आपण प्रश्नात लिहिले आहे. म्हणून थांबा कोठे घ्यावा, याविषयी अधिक सविस्तर लिहितो.

भिंतीवरच्या नकाशात न्यूयॉर्क आपल्या पश्चिमेला दिसते. मात्र पृथ्वीगोलावर दोरा ताणून धरला की तो नागपूरहून जवळजवळ उत्तरेकडे निघतो, दिल्लीच्या थोडे पश्चिमेकडून ताजिकिस्तान, कझाकस्तान आणि रशियावर चढत जाऊन उत्तर ध्रुववृत्त ओलांडतो आणि ग्रीनलंडच्या दक्षिण भागावरून अमेरिकेकडे उतरतो. त्यामुळे दिल्लीमार्गे अंतर जेमतेम १० किलोमीटरने वाढते, मुंबईमार्गे सुमारे ६०० ने आणि दोहामार्गे सुमारे १,००० ने. अर्थात हा हिशेब दोऱ्याचा झाला. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानची हवाई हद्द भारतीय विमानांना बंद झाली, तेव्हा दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या आपल्या विमानांना लांबचा वळसा पडला आणि प्रवासाचे तास वाढले.

तरीही वडीलधाऱ्यांसाठी मी दोहाचाच मार्ग सुचवीन, मात्र नागपूर-दोहा विमान आपल्या तारखेला आहे की नाही, हे आधी पाहून घ्यावे. नागपूर ते दोहा साधारण सव्वाचार तास आणि पुढे न्यूयॉर्कपर्यंत सुमारे १४ तास लागतात. पासपोर्टवरचा शिक्का नागपुरातच बसतो, एकाच तिकिटावर दोन्ही विमाने असली की सामान थेट न्यूयॉर्कला मिळते आणि डिसेंबर-जानेवारीत दिल्लीच्या धुक्यामुळे पुढचे विमान चुकण्याची धास्ती राहत नाही. दिल्ली किंवा मुंबईची दोन वेगवेगळी तिकिटे काढली, तर बॅगा पट्ट्यावरून उचलून पुन्हा काउंटरवर द्याव्या लागतात. स्वस्त पडले तरी या वयात ते करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिकिटावरच्या वेळा त्या-त्या गावच्या घड्याळाप्रमाणे असतात, हे आई-वडिलांना आधीच समजावून सांगावे. समजा, जुलैमध्ये नागपूरहून पहाटे ४ वाजता निघून त्याच दिवशी दुपारी ४ वाजता न्यूयॉर्कला पोहोचण्याची वेळ छापलेली आहे. तर प्रवास १२ तासांचा नसून, त्यात साडेनऊ तासांचा फरक मिळवून साडेएकवीस तासांचा आहे. हिवाळ्यात हाच फरक साडेदहा तासांचा होतो. परतीच्या वाटेवर उंचावरील पश्चिमी वारे पाठीशी असतात, म्हणून लांबच्या टप्प्यात दीड-दोन तास वाचतात.

व्हीलचेअरची नोंद मात्र तिकीट काढतानाच करावी आणि ती दोन्ही विमानांसाठी झाली आहे, याची खात्री करून घ्यावी.