वाचकांचे प्रश्न : १३००डी नंतर कोणता कॅमेरा?

प्रश्न : माझ्याकडे कॅनन १३००डी हा कॅमेरा असून त्याच्याबरोबर मिळालेल्या १८-५५ आणि ५५-२५० मिलिमीटरच्या दोन लेन्स मी वापरतो. माझे छायाचित्रण मुख्यतः तीन प्रसंगी होते : अनंत चतुर्दशीच्या रात्री निघणाऱ्या गिरण्यांच्या झांक्या (दिव्यांनी सजवलेले चित्ररथ), रंगपंचमीची गेर (रंग उडवत निघणारी मिरवणूक) आणि हिवाळ्यात सिरपूर तलाव व यशवंतसागर येथील पक्षी. झांक्यांची छायाचित्रे हलतात. गेल्या वेळची बहुतेक ५५ मिलिमीटर, एफ/५.६, १/२० सेकंद आणि आयएसओ ३२०० अशी टिपली, तरी ती दाणेदार आली आणि काहींवर आडवे काळपट पट्टेही उमटले. उडते पक्षी क्वचितच स्पष्ट येतात. माझे मेहुणे त्यांची कॅनन माउंटची (कॅननच्या जोडणीवर बसणारी) सिग्मा १५०-६०० मिलिमीटर कंटेंपररी लेन्स सुटीच्या दिवशी मला देतात, पण तिच्यानेही बसलेला पक्षीसुद्धा किंचित मऊच (अस्पष्ट) येतो. आता मध्यम श्रेणीचा डीएसएलआर (आरशातून दृश्य दाखवणारा कॅमेरा) घ्यायचा आहे. कॅनन ९०डी, निकॉन डी७५०० आणि वापरलेला फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅनन ६डी मार्क २ या तिघांत निर्णय होत नाही. व्ह्यूफाइंडरमधून थेट दिसणारे दृश्य सोडवत नाही, म्हणून मिररलेस (आरशाऐवजी इलेक्ट्रॉनिक पडद्यावर दृश्य दाखवणारा) नको. यांपैकी कोणता घ्यावा?
— एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : आपण आकडे लिहून पाठवलेत हे फार बरे केलेत, कारण ते वाचल्यावर असे दिसते की आपल्या तक्रारींपैकी निम्म्या तक्रारींचे मूळ कॅमेऱ्यात नाही. म्हणून कॅमेऱ्याच्या नावाकडे वळण्याआधी झांक्यांचा हिशेब मांडू.

५५ मिलिमीटरवर आपली किट लेन्स (कॅमेऱ्याबरोबर मिळालेली) एफ/५.६ च्या पुढे उघडत नाही; एफपुढचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स अधिक उघडते. कॅननची ५० मिलिमीटर एफ/१.८ एसटीएम ही लहानशी लेन्स त्याच जागेवरून जवळजवळ तेवढेच दृश्य टिपते आणि पूर्ण उघडल्यास सेन्सरवर साडेनऊ पटींहून अधिक प्रकाश पोहोचवते. म्हणजे आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) तोच ठेवून १/२० च्या जागी जवळपास १/२०० सेकंद मिळतो. एवढी उडी कोणतीही नवी बॉडी (लेन्सवाचूनचा कॅमेरा) देत नाही. १३००डी कडून ९०डी कडे गेल्याने अंधारातला फायदा माझ्या मते दुप्पट प्रकाशाइतका, फार तर त्याहून थोडा अधिक होईल. अर्थात एफ/१.८ वर आठ मीटरवरच्या झांकीचा जेमतेम पावणेदोन मीटर खोलीचा भाग स्पष्ट राहतो, आणि हुकुमचंद, मालवा किंवा कल्याण मिलच्या झांक्यांमध्ये पुतळे एकामागे एक मांडलेले असतात. म्हणून एफ/२.५ आणि १/१०० सेकंद हा मेळ मी सुचवीन. आयएसओ ३२०० वरच आपल्याला आजच्याइतकाच प्रकाश मिळेल आणि हलणे थांबेल. दाणे कमी हवे असतील, तर झांकी थांबलेली असताना १/५० सेकंद ठेवून आयएसओ १६०० वर यावे.

१/१०० आणि १/५० हे आकडे मी सहज लिहिलेले नाहीत. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे तिच्यावर चालणारे बरेचसे एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतात. जनरेटरवरच्या झांक्यांनाही हे बहुधा लागू पडते. शटरचा वेग त्या लयीशी जुळला नाही की एक छायाचित्र उजळ, पुढचे मंद, आणि वेग फार वाढवला तर एकाच छायाचित्रात आडवे पट्टे दिसतात. आपले पट्टे १/२० वर आले असतील तर त्या झांकीवरचे दिवे बहुधा दोऱ्यांतून धावणारे, मुद्दाम उघडझाप करणारे असावेत. त्यावर उपाय एवढाच की दोनतीन छायाचित्रे सलग टिपावीत. ९०डी आणि डी७५०० या दोन्हींत दिव्यांची लय ओळखून नेमक्या उजळ क्षणी शटर उघडण्याची सोय आहे. आपल्या १३००डी मध्ये ती नाही. रात्रीच्या कामासाठी नव्या बॉडीची खरी बाजू मला इथे दिसते.

रंगपंचमीच्या गेरीसाठी नवा कॅमेरा घेऊ नये, एवढेच म्हणतो. राजवाड्यासमोर भर दुपारी प्रकाश मुबलक असतो आणि आपला कॅमेरा तिथे पुरेसा आहे. ९०डी च्या बॉडीला धूळ आणि तुषार यांपासून काही संरक्षण असले, तरी किट लेन्सच्या माउंटला रबरी कडे नसते, त्यामुळे टँकरचे पाणी आणि तोफेतून उडणारा गुलाल तिथूनच आत जातो. प्लास्टिकचे आवरण, काचेवर फिल्टर, आणि घरी पोहोचेपर्यंत लेन्स न बदलण्याचा निग्रह यांचा उपयोग अधिक. जुना कॅमेरा विकू नका, तो गेरीसाठीच ठेवा.

आता पक्षी. इथे मात्र बॉडी महत्त्वाची आहे. २०१६ साली आलेल्या १३००डी मध्ये फोकसचे नऊच बिंदू असून त्यांतला मधला एकच क्रॉस प्रकारचा (आडव्या व उभ्या दोन्ही रेषा पकडणारा) आहे, आणि सेकंदाला तीनच छायाचित्रे निघतात. पाण्यावरून उठणारे बदक किंवा यशवंतसागरवरचा सारस मधल्या बिंदूबाहेर सरकला की फोकस भलतीकडेच जातो. २०१९ च्या ९०डी मध्ये क्रॉस प्रकारचे ४५ बिंदू आहेत, वेग सेकंदाला दहा छायाचित्रांचा आहे, आणि ३२.५ मेगापिक्सेलच्या सेन्सरमुळे त्याच लेन्सने टिपलेल्या पक्ष्याच्या लांबीवर आपल्या १८ मेगापिक्सेलपेक्षा सुमारे एकतृतीयांश अधिक पिक्सेल येतात. दूरच्या पक्ष्यासाठी हा लाभ प्रत्यक्ष दिसतो. त्याची दुसरी बाजूही आहे. इतका दाट सेन्सर लेन्सचा आणि हाताचा प्रत्येक दोष दाखवतो, म्हणून आपल्या १८-५५ ने त्यावर टिपलेली छायाचित्रे मोठी करून पाहिल्यास निराशा होईल, आणि फायली जड असल्यामुळे संगणकाची जागाही लवकर भरेल.

डी७५०० हा कॅमेरा मला आवडतो. निकॉनच्या वरच्या श्रेणीतील डी५०० चाच २०.९ मेगापिक्सेलचा सेन्सर त्यात आहे, ५१ फोकसबिंदू आहेत, सेकंदाला आठ छायाचित्रे निघतात आणि जास्त आयएसओवर त्याची प्रतिमा स्वच्छ असते. त्याच्या आधीच्या डी७२०० मधील दोन कार्डांची सोय यात एका कार्डावर का आणली, याचे समाधानकारक कारण मात्र मला कधी सापडले नाही. आपण कोरी पाटी घेऊन आला असता तर डी७५०० आणि निकॉनची २००-५०० मिलिमीटर एफ/५.६ ही जोडी मी आधी सुचवली असती. आपल्या दोन किट लेन्स हे कॅननला चिकटून राहण्याचे कारण होऊच शकत नाही, त्यांचे मोल तेवढे नाही. पण मेहुण्यांची सिग्मा कॅनन माउंटची आहे आणि ती निकॉनवर बसणार नाही. सुटीच्या दिवशी हाती येणारी ६०० मिलिमीटरची लेन्स सोडून देण्याइतका डी७५०० सरस नाही.

६डी मार्क २ आपल्यासाठी नाही. आपल्या दोन्ही लेन्स ईएफ-एस जातीच्या (लहान सेन्सरसाठीच बनवलेल्या) असल्यामुळे त्या फुल-फ्रेम बॉडीवर बसतच नाहीत, म्हणजे पहिल्याच दिवशी नव्या लेन्सचा खर्च निघेल. सिग्मा बसेल, परंतु २६.२ मेगापिक्सेलच्या त्या चित्रातून आज आपल्याला दिसते तेवढेच दृश्य कापून घेतले तर हाती जेमतेम दहा मेगापिक्सेल उरतात. शिवाय त्याचे ४५ बिंदू चौकटीच्या मध्यावर गोळा झालेले आहेत. झांक्यांना त्याच्या मोठ्या सेन्सरचा फायदा नक्की होईल, पण तोच फायदा ५० मिलिमीटरची लेन्स किती तरी कमी खर्चात देते.

सिग्माच्या मऊपणाची तपासणी मात्र खरेदीच्या आधी करावी. सकाळी लवकर, कॅमेरा तिपाईवर ठेवून, वीसएक मीटरवरच्या एखाद्या पाटीवर व्ह्यूफाइंडरमधून फोकस करून काही छायाचित्रे टिपावीत. मग लाइव्ह व्ह्यू चालू करून मागच्या पडद्यावर फोकस करून तेवढीच पुन्हा टिपावीत. लाइव्ह व्ह्यूमध्ये फोकस थेट सेन्सरवरच्या प्रतिमेवरून ठरतो, त्यामुळे ही दुसरी छायाचित्रे स्पष्ट आणि पहिली मऊ आली तर लेन्स चांगली आहे, तिचा आणि आपल्या बॉडीचा मेळ थोडा चुकलेला आहे. ९०डी मध्ये ही चूक लेन्सनिहाय दुरुस्त करण्याची सोय आहे आणि ती दुरुस्ती बॉडीतच साठवली जाते. १३००डी मध्ये ती नाही. सिग्माच्या यूएसबी डॉकने (लेन्स संगणकाला जोडण्याच्या साधनाने) लेन्समध्येच बदल करता येतो, पण तसे केल्यास मेहुण्यांच्या स्वतःच्या कॅमेऱ्यावर तीच लेन्स बिघडल्यासारखी वागेल, तेव्हा त्यांना विचारल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये. दोन्ही छायाचित्रे सारखीच मऊ आली तर शटरचा वेग वाढवून पाहावा. ऊन चढल्यावर तलावावरची तापलेली हवा थरथरते आणि तेव्हा दूरचा पक्षी कोणत्याही कॅमेऱ्याने स्पष्ट येत नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

तेव्हा ५० मिलिमीटर एफ/१.८ आजच घ्यावी आणि येती अनंत चतुर्दशी जुन्याच बॉडीवर टिपावी. त्यानंतर पक्ष्यांसाठी ९०डी घ्यावा, तोही फक्त बॉडी. किट लेन्सचा संच नको. ती रक्कम जड वाटल्यास वापरलेला ८०डी चालेल : फोकसबिंदू तसेच ४५, दिव्यांची लय आणि लेन्सचा मेळ या दोन्ही सोयी त्यात आहेत, वेग मात्र सेकंदाला सात छायाचित्रांचा आणि सेन्सर २४.२ मेगापिक्सेलचा. मिररलेसबद्दल आपण नकार दिला आहे आणि तो मला मान्य आहे. तरी कॅनन आणि निकॉन या दोघांनीही २०२० नंतर नवा डीएसएलआर आणलेला नाही, हे पैसे वाटताना लक्षात ठेवावे. पुढे विचार बदललाच तर कॅननच्या ईएफ आणि ईएफ-एस लेन्स अडॅप्टर लावून त्यांच्या नव्या मिररलेस बॉडीवर ऑटोफोकससह चालतात. बॉडीत घातलेली रक्कम मात्र फारशी परत येत नाही.

प्रश्न : ओळखीच्या एका गृहस्थांकडून वापरलेला कॅनन ८०डी मिळतो आहे. शटर किती वेळा चालले ते छायाचित्राच्या फायलीत पाहावे म्हणतात, पण मला ते कुठेच सापडले नाही. काय तपासावे?
— एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : ते सापडणार नाही. निकॉनच्या फायलीत हा आकडा सहसा लिहिलेला असतो, ८०डी च्या फायलीत नसतो. तो बॉडीतून वाचावा लागतो, आणि अधिकृत सेवाकेंद्रात विचारणे हा त्याचा सोपा मार्ग. या कॅमेऱ्याचे शटर एक लाख वेळा चालावे अशा हिशेबाने बनवलेले आहे. त्याहून पुढेही ते चालू शकते, पण आकडा लाखाच्या जवळ असेल तर किंमत त्या मानाने उतरवून मागावी.

त्याखेरीज एफ/१६ वर मोकळ्या आकाशाचे छायाचित्र घेऊन ते मोठे करून पाहावे. सेन्सरवरची धूळ ठिपक्यांसारखी दिसते आणि पुसून निघते; ओरखडा असेल तर तो निघत नाही. मेन्यूमध्ये बॅटरीची माहिती पाहावी, तिथे तिची पुन्हा चार्ज होण्याची क्षमता कळते. चालत्या वाहनावर सलग छायाचित्रे घेऊन फोकस टिकतो का ते पाहावे, आणि मागचा पडदा सर्व बाजूंनी फिरवून स्पर्श सगळीकडे लागतो याची खात्री करावी. लेन्सही बरोबर मिळत असेल तर तिच्यातून टॉर्चचा उजेड आरपार पाहावा. आपल्याकडच्या पावसाळ्यात बंद कपाटात राहिलेल्या लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते आणि अशी लेन्स फुकट मिळाली तरी घेऊ नये, कारण ती साफ करण्याचा खर्च बहुधा तिच्या किमतीला भिडतो. मूळ बिलावरचा क्रमांक आणि बॉडीच्या तळाशी कोरलेला क्रमांक एकच आहे हे पाहिल्यावरच पैसे द्यावेत.