डोळ्याचा बोल्ट, चौकोनी मानेचा बोल्ट : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : गच्चीखालच्या हॉलमध्ये सागवानी झोपाळा टांगायचा आहे. स्लॅब ५ इंची. दुकानातून ३ सुती (३/८ इंची), डोळ्याचे चार बोल्ट आणले आहेत. छतात स्लीव्हवाले अँकर फास्टनर ठोकून त्यांत ते बसवावेत असा विचार आहे. चालेल ना? (वाचक, सांगली)

उत्तर : नाही, असा टांगू नका. आधी डोळा बघा. कडी गोल फिरून दांड्याला जिथे टेकते, तिथे पोस्टकार्डाची कड घालून पाहा. शिरली, तर तो डोळा सळई वाकवून केलेला आहे. कपडे वाळत घालायच्या दोरीला तो ठीक, पण माणसांच्या वजनाखाली हळूहळू उलगडत जातो आणि वरून काही कळत नाही. झोपाळ्याला फोर्जिंगचा, म्हणजे तापवून ठोकून घडवलेला, सलग डोळाच हवा.

आता वजन. पाट आणि साखळ्या ४० किलो, तीन माणसे २०० किलो, एकूण २४०. झोका ४५ अंशांपर्यंत गेला, तर तळाशी येताना ओढ साधारण १.६ पट होते, म्हणजे ३८० किलोच्या आसपास. ती चार बोल्टांत सारखी वाटली जाईल असे धरू नका. एखादी साखळी अर्धा सूत लांब असली तरी पाट दोनच साखळ्यांवर तोलला जातो. तेव्हा प्रत्येक टांगणीने एकटीने १९० किलो पेलले पाहिजेत. एम १२ चा, म्हणजे १२ मिमी आट्यांचा, फोर्जिंगचा आय नट (डोळ्याचा नट, जर्मन मानक डिन ५८२) सरळ ओढीला ३४० किलोचा असतो, ४५ अंशांच्या तिरक्या ओढीला २४० चा. एम १० सरळ ओढीला २३० चा. इथे आम्ही एम १२ च वापरू.

स्लीव्ह फास्टनर भोकाच्या भिंतीला दाबून धरतो, त्याच्या पकडीवर सगळा भार. स्लॅबचे पोट ताणात असते, तिथे केसासारख्या भेगा असतातच. त्यात झोक्याचा रोजचा हिसका. गिलाव्याची जाडी तर पकडीच्या हिशेबात धरूच नका. तुमच्या वर गच्ची आहे, म्हणजे आरपार बोल्टाची सोय आहे. ती सोडू नका.

आधी स्लॅबमधली सळई शोधणाऱ्या यंत्राने खुणा करून घ्या. भोक मारताना सळई लागलीच, तर भोक दोन इंच सरकवा, सळई कापू नका. वरचा ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) तेवढ्या जागेपुरता काढून स्लॅब उघडा करा आणि १४ मिमी बिटने भोक आरपार न्या. एम १२, ८.८ ताकदीच्या दर्जाची आटेदार सळई घ्या. गच्चीवर १००×१००×८ मिमी लोखंडी पट्टी आणि दोन नट. खाली ७५×७५×६ ची पट्टी गिलावा खरवडून थेट काँक्रीटला टेकवा, नट आवळा, आणि त्या नटावर आय नट घट्ट चढवा. दोन्ही एकमेकांना अडवून धरतात, झोक्याने सैल होत नाहीत. डोळ्याचे कडे झोक्याच्या दिशेत राहू द्या. आडवे राहिले तर ओढ बाजूने येते आणि दांडा वाकतो. डोळा आणि साखळी यांच्यामध्ये डी शॅकल (पिनेने बंद होणारी इंग्रजी डी आकाराची कडी) घाला, तिच्या पिनेला तार बांधा. शेवटी गच्चीवरचे वॉटरप्रूफिंग पूर्ववत करा, नाहीतर पाणी सळईवरून थेट हॉलमध्ये उतरेल.

डोळ्याच्या आतल्या बाजूला झीज दिसू लागते. जाडी दहावा हिस्सा कमी झाली की बदला. स्लॅब जुना असेल, गंजाचे डाग किंवा पोपडे असतील, तर स्थापत्य अभियंत्याला दाखवल्याशिवाय ड्रिल लावूच नका.

प्रश्न : कामाच्या टेबलाला ८ मिमीचे कॅरेज बोल्ट (चौकोनी मानेचे) लावले. आवळताना दोन बोल्ट नटाबरोबर गरगर फिरतात. डोके गुळगुळीत, पाना कुठे लावू? (वाचक, नाशिक)

उत्तर : भोक मोठे झाले आहे. डोक्याखालची चौकोनी मान ८ मिमीची, पण कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ११ मिमीच्या वर भरते. हे कोपरे लाकडात रुततात म्हणून बोल्ट फिरत नाही. भोक ८ मिमीच हवे. सैल जावा म्हणून १० मिमी केले, तर कोपऱ्यांना धरायला लाकूड उरत नाही.

आत्ता काढायचा असेल, तर डोक्यावर हॅकसॉने आडवी खाच पाडा, मोठा स्क्रू ड्रायव्हर लावून धरा आणि मागून नट फिरवा. खाच पाडायला जागा नसेल, तर नटच ग्राइंडरने कापा. पुन्हा बसवताना जुने भोक सागाच्या गोल काठीने आणि फेव्हिकॉलने भरा, एक दिवस वाळू द्या, मग ८ मिमी बिट. बोल्ट हातोडीने ठोकून मान पूर्ण आत घाला, मगच नट आवळा. नुसत्या नटाने मान ओढायला गेलात, तर नरम लाकडात तो पुन्हा फिरेल. सागासारख्या टणक लाकडात, कडेजवळ, पटाशीने आधी चौकोन कोरा, नाहीतर फळी चिरते. वायसर नटाकडेच, डोक्याखाली नको. तिथे तो मानेला लाकडात जाऊच देत नाही.

प्रश्न : बाल्कनीच्या ग्रिलला स्टेनलेसचे नट-बोल्ट लावले. एक नट अर्ध्यावर अडकला, पुढे-मागे हलत नाही. बोल्ट तर नवेच आहेत! (वाचक, मालवण)

उत्तर : हा गंज नव्हे. स्टेनलेसचे आटे एकमेकांवर दाबून घासले की वरचा पातळ थर निघतो आणि धातू धातूला चिकटतो. इम्पॅक्ट ड्रायव्हरने भरभर आवळले की हे हमखास होते. आता तो नट कापावाच लागेल. पुढचे बसवताना आट्यांवर अँटी-सीझ (आटे चिकटू न देणारे) ग्रीस लावा, पान्याने सावकाश आवळा. नट जड जायला लागला तर तिथेच थांबा, तेल सोडा आणि मागे फिरवा. आणि समुद्राजवळ ३०४ दर्जाच्या स्टेनलेसऐवजी ३१६ दर्जाचे घ्या.

प्रश्न : जुन्या ड्रिल स्टँडचा बोल्ट हरवला. एम १० चा नवा बोल्ट त्यात शिरत नाही, पण त्याच यंत्राचा दुसरा जुना बोल्ट एम १० च्या नटात दोन-तीन आटे जातो आणि अडकतो. असे का? (वाचक, पुणे)

उत्तर : तुमचा जुना बोल्ट ३ सुती, म्हणजे ३/८ इंच, ९.५ मिमी. त्याला इंचात १६ आटे. एम १० च्या दोन आट्यांत १.५ मिमी अंतर, म्हणजे इंचात जवळजवळ १७. दोन-तीन आट्यांपर्यंत चूक झाकली जाते, मग अडते. पाना लावून रेटू नका, यंत्रातले आटे सोलले जातील. दुकानात जुना बोल्टच घेऊन जा, ३ सुती व्हिटवर्थ (जुन्या ब्रिटिश इंची आट्यांचा) मागा, आणि तो यंत्रात हाताने पूर्ण फिरला तरच घ्या.