दर तासाला पॅड बदलावा लागतो, गाठी पडतात. पाळीत एवढं चालायचंच का?

नाही, हे अंगावर काढू नका. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) आणि थायरॉईड तपासून घ्या. एका पाळीत ८० मिलिलिटरपेक्षा जास्त रक्त गेलं तर तो अतिस्राव. घरी कोण मोजणार, म्हणून खुणा बघायच्या: तासा-दोन तासांत भिजणारा पॅड, बदलायला रात्री उठावं लागणं, दहाच्या नाण्याएवढ्या गाठी. रक्ताबरोबर लोह जातं, मग एक जिना चढताना धाप लागते आणि बाई त्याला कामाचा थकवा समजते. हिमोग्लोबिन १२ च्या वर आलं तरी फेरिटिन बघाच, कारण लोहाचा साठा आधी संपतो. मुळाशी फायब्रॉईड (गर्भाशयातली कर्करोगाची नसलेली गाठ), गर्भनिरोधक तांबी किंवा रक्त नीट न गोठण्याचा आजारही असू शकतो. मात्र पाळी लांबल्यावर असा स्राव झाला असेल, तर पहिली चाचणी गरोदरपणाची.